फाटकाबाहेरचा दुसरा दिवस

शाळांना सुट्टी लागली, की मुंबई-पुण्याकडच्या घरांतून एकच मागणी जोर धरते : इमॅजिकाला जायचं. कोणा मित्राने, कोणा मामेभावाने तिथले फोटो दाखवलेले असतात. मग घरातला कर्ता माणूस तिकिटांचा हिशेब मांडतो, रजा टाकतो, गाडी ठरवतो आणि एके दिवशी पहाटे सगळं कुटुंब निघतं. रात्री पाय दुखत, पेंगत परततं. मधल्या वेळात त्यांनी खोपोली पाहिलेली नसते, पाली पाहिलेली नसते आणि ज्या डोंगराच्या पायथ्याशी अख्खा दिवस काढला, त्याचं नावही कोणाला विचारलेलं नसतं. आज मला बोलायचं आहे ते या राहून गेलेल्या गोष्टींबद्दल.

आधीच सांगून टाकतो, करमणुकीच्या उद्यानांना नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. जत्रेतल्या पाळण्यात बसून ओरडण्याचा आनंद आपल्या आजोबा-पणजोबांनीही घेतलेला आहे. हा पाळणा फक्त मोठा झाला. खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर, खालापूर तालुक्यात, २०१३ साली हे उद्यान सुरू झालं. पुढच्याच वर्षी त्याला पाण्याच्या खेळांचं उद्यान जोडलं गेलं आणि नंतर बर्फाचं दालन. एका दिवसात सगळं पाहून होत नाही, हा तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाचा अनुभव आहे.

पण अशा कुठल्याही उद्यानात एक गोष्ट पाहण्यासारखी असते, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. मोठ्या खेळांच्या दारात उंचीची पट्टी लावलेली असते. तेवढी उंची भरली तर आत, नाही तर बाहेर. हे सुरक्षिततेसाठी असतं आणि योग्यच असतं. त्यामुळे होतं काय, की प्रत्येक घोळक्यातली दोन-तीन माणसं बाकावर बसून राहतात : गुडघे धरलेली आजी, पाठीचं दुखणं असलेले वडील, दिवस गेलेली सून आणि पट्टीला चार बोटं कमी पडलेलं शेंडेफळ. सगळ्यांच्या पिशव्या, चपला, मोबाइल, पाण्याच्या बाटल्या त्यांच्या मांडीवर. सहल जर कुटुंबाची असेल, तर एक दिवस या पिशव्या सांभाळणाऱ्या माणसांचाही असायला हवा. म्हणून माझं सांगणं, की एक रात्र त्या भागात मुक्काम करा आणि दुसरा दिवस फाटकाबाहेर काढा.

फाटकाबाहेर पडण्याआधी आतल्याच दोन गोष्टी सांगतो. तिथे एका खेळाचं नाव अलिबाबा आणि चाळीस चोर असं आहे. आमच्या घरात ही गोष्ट लहानपणी रोज रात्री सांगितली जायची आणि ती अरबांची म्हणूनच आम्ही ऐकली. गंमत अशी, की अरेबियन नाइट्सच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अलिबाबा नाही. हलब शहरातला, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोतला, हन्ना दियाब नावाचा एक तरुण १७०९ साली पॅरिसमध्ये होता. त्याने आंत्वान गालां या फ्रेंच अनुवादकाला ही गोष्ट तोंडी सांगितली आणि गालांनी ती आपल्या ग्रंथात घातली. हलबहून पॅरिस, तिथून जगभर, मग आपल्या सिनेमांत आणि शेवटी खोपोलीत. गोष्टींचे पाय फार लांब असतात.

दुसरी गोष्ट राजासॉरसची. या नावाचा पाण्यातला खेळ तिथे आहे आणि त्यात यंत्राचा डायनासोर अंगावर येतो. मुलांना वाटतं, नाव कोणीतरी मनाने ठेवलं असणार. तसं नाही. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रहिओली इथे १९८०च्या दशकात हाडं सापडली. त्यांचा अभ्यास करून भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००३ साली या प्राण्याचं बारसं केलं : राजासॉरस नर्मदेन्सिस, नर्मदेकाठचा राजा. डोक्यावर एक बुटकं शिंग असलेला हा मांसाहारी प्राणी साधारण पावणेसात कोटी वर्षांपूर्वी आपल्या देशात हिंडत होता.

आता उद्यानातून बाहेर या आणि पूर्वेकडे सह्याद्रीच्या भिंतीकडे बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळात, जमिनीला भेगा पडून तापलेला रस वाहू लागला. तो थिजला, त्यावर पुन्हा नवा थर आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. डोंगराला ज्या पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्या आहेत. टणक थर कड्यासारखा उभा राहतो. भुसभुशीत थर झिजून उतार होतो, त्यावर गवत-झाडी वाढते. मुलांना कडे मोजायला सांगा. पाच मिनिटं शांतता मिळते, हा आणखी एक फायदा.

उद्यानातला सर्वांत दरारा असलेला खेळ म्हणजे नायट्रो. हा झुलता-धावता रूळ १३२ फूट उंच, म्हणजे चाळीस मीटर. गाडीला वर ओढून नेतात आणि सोडून देतात. पुढचा सगळा वेग गाडीच्या आपल्या वजनाचा. चाळीस मीटर उंचीवरून कोणतीही वस्तू खाली आली, तर घर्षण सोडून देता तिला तळाशी ताशी शंभर किलोमीटरचा वेग येतो. या गाडीचा वेगही साधारण तेवढाच सांगितला जातो. शाळेच्या पुस्तकातलं सूत्र पोटात गोळा आणून शिकवणारी ही जागा आहे.

हाच प्रयोग खोपोलीत गेली शंभराहून अधिक वर्षं चालू आहे आणि तिथली उंची चाळीस मीटर नाही, पाचशे मीटरहून जास्त आहे. वर लोणावळ्याला वळवण, शिरवटा आणि लोणावळा ही तळी आहेत. त्यांत पावसाचं पाणी साठवायचं, ते डोंगरावरून लोखंडी नळांतून खाली सोडायचं आणि त्या धारेने चाकं फिरवून वीज करायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी मनात धरली होती. ते १९०४ साली गेले. वळवण धरणाची पायाभरणी १९११ साली झाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. तोवर त्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत आणि त्यांच्या धुराने अख्खं परळ काळं होई. पाचशे मीटरवरून उतरलेल्या पाण्याचा वेग हिशेबाने ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातो. नायट्रोवरून उतरलेल्या मुलाला हा आकडा सांगून बघा. वीजघर काही येणाऱ्या-जाणाऱ्याने आत शिरून पाहण्याचं ठिकाण नाही. पण डोंगरावरून उतरणारे ते नळ रस्त्यावरूनही दिसतात आणि आजीला गाडीतून न उतरता दाखवता येतात.

काम झालेलं हे पाणी पुढे पाताळगंगेत जातं. नाव पाताळाचं, पाणी डोंगरमाथ्याचं! या नदीवर आणि तिच्या काठच्या कारखान्यांवर कितीतरी घरं चालतात.

अशीच एक नदी दक्षिणेला आहे, कुंडलिका. पालीवरून पुढे कोलाडला गेलं, की तिथे रबरी तराफ्यांतून नदीच्या उसळत्या पाण्यात उतरण्याचा खेळ चालतो. घरात कॉलेजात जाणारी मुलं असतील तर त्यांच्यासाठी तो जरूर करावा. लहानग्यांना तराफ्यात घेत नाहीत, त्यांनी काठावरून हात हलवावा. उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटलेल्या असताना या नदीला एवढं पाणी कुठून येतं? तेही वीजघराचंच. भिऱ्याच्या वीजघराला पाणी मिळतं ते मुळशीच्या धरणातून. म्हणून खेळाची वेळ सकाळची. पाणी सोडतात तेव्हाच नदी खळाळते. आणि मुळशीचं नाव निघालं, की सेनापती बापटांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी आपली जमीन पाण्याखाली जाऊ नये म्हणून त्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झालंच. भाताची खाचरं, देवळं, घरं बुडाली. तराफ्यात बसलेल्या मुलांना हे सांगायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. मी सांगतो. त्याने त्यांची मजा कमी झालेली मला अजून दिसलेली नाही.

आता थोडं रेल्वेविषयी, कारण एवढ्या स्वस्तात मिळणारी दुसरी करमणूक त्या भागात नाही. कर्जतहून खोपोलीला लोकल जाते. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. डाव्या-उजव्या हाताला भातशेती आणि समोर डोंगर. या रुळांना इतिहास आहे. १८५६ साली मुंबईची रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि थांबली, कारण पुढे घाट होता. १८५८ साली वरच्या बाजूने पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे आली आणि तीही थांबली. मधलं अंतर प्रवासी पालखीतून, तट्टावरून, गाड्यांतून चढत-उतरत होते. पाच वर्षं हे असं चाललं. आपल्याला आज दोन गाड्यांच्या मध्ये अर्धा तास थांबावं लागलं तर आपण स्टेशन डोक्यावर घेतो.

बोरघाटाचा रेल्वेमार्ग पुरा झाला १८६३ साली. पंधरा मैलांत १८३१ फुटांची चढण आणि पंचवीस बोगदे. काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट चढ. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ साली या कामावर आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्या हातात घेतलं आणि काम तडीला नेलं. १८६१च्या जानेवारीत या घाटात बेचाळीस हजार माणसं राबत होती. कड्यावरून दोर सोडून, त्याला लटकून, ती सुरुंगासाठी भोकं पाडत. अपघातांत, पटकीत, तापांत हजारोंनी मेली. ट्रेडवेलबाईचं नाव आपल्याला माहीत आहे. या हजारोंपैकी एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. एक नाव मात्र लोकांनी स्वतः जपलं : शिंगरोबा. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असं सांगतात. जुन्या घाटरस्त्यावर त्याचं देऊळ आहे. ट्रकवाले तिथे वेग कमी करतात, नाणं टाकतात, पुढे जातात. ही कथा कागदोपत्री सापडेल की नाही हा प्रश्न वेगळा. बेचाळीस हजारांना मिळून एक देऊळ असावं, एवढं मला त्यात दिसतं.

घाट बघायचा असेल तर कर्जतहून लोणावळ्यापर्यंत दिवसाच्या गाडीने जा. कर्जतला चढाच्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना बँकर म्हणतात. वंदे भारतसारख्या नव्या गाड्यांना त्यांची गरज पडत नाही. पण मुलांना दाखवायचं असेल तर साध्या गाडीनेच जावं, म्हणजे इंजिन जोडण्याचा तो धक्का अनुभवता येतो आणि कर्जतचा बटाटेवडाही खाता येतो. मग बोगदे सुरू होतात. बोगद्यात शिरल्यावर अख्खा डबा ओरडतो, अगदी उद्यानातल्यासारखा. त्यात आजीही ओरडू शकते.

पालीविषयी मला जरा सावकाश बोलायचं आहे. इमॅजिकाहून निघालं की सरळ रस्त्याने पाऊण तासात पाली येते. गावाच्या डोक्यावर सरसगड उभा आहे आणि पायथ्याशी बल्लाळेश्वराचं देऊळ. अष्टविनायकांतल्या या गणपतीला त्याच्या भक्ताचं नाव आहे आणि तो भक्त एक लहान मुलगा आहे. कथा अशी, की कल्याण नावाच्या वाण्याचा मुलगा बल्लाळ हा गावातल्या पोरांना घेऊन रानात जाई आणि दगडाला गणपती मानून पूजेचा खेळ मांडी. खेळात पोरांना घराची, जेवणाची शुद्ध राहत नसे. आईबाप चिडले आणि कल्याणशेटीकडे तक्रार घेऊन गेले. तो काठी घेऊन गेला, पूजा उधळली, दगड फेकून दिला, मुलाला मारून झाडाला बांधून ठेवलं. मग देव आला आणि मुलाच्या विनंतीवरून तिथेच राहिला. बापाने फेकलेला दगड म्हणजे शेजारचा धुंडीविनायक, त्याचं दर्शन आधी घेतात. सहलीला आलेल्या मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही. खेळात रमून घरी जायला विसरलेल्या पोराची बाजू देवाने घेतली, असं सांगणारं ते देऊळ आहे!

देऊळ पूर्वेला तोंड करून आहे आणि हिवाळ्यात, दक्षिणायन संपण्याच्या सुमाराला, उगवत्या सूर्याची किरणं थेट मूर्तीवर पडतात. आवारात एक भली मोठी घंटा आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांना दिल्या, त्यांपैकी ही एक. कुठल्या तरी युरोपातल्या भट्टीत ओतलेली, चर्चमध्ये वाजलेली आणि आता गणपतीच्या दारात. मी तिच्याखाली उभा राहून एका लहान मुलीला उचलून धरलं होतं, तिला ती वाजवायची होती. तिची आई मला ‘काका, जरा अजून वर’ म्हणाली. माझं नाव-गाव कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. घंटा वाजली.

पालीच्या बाजारात पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घ्यावीत, ती गावच्या बायकांच्या हातची असतात. जवळच उन्हेरे इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. गंधकाचा वास येतो, मुलं नाक धरतात, म्हाताऱ्या माणसांना मात्र तिथून उठवत नाही. पिशव्या सांभाळणाऱ्यांचा हा हक्काचा मुक्काम. पाणी अंगाला सोसतं का ते आधी हाताने पाहावं आणि रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी पाय बुडवण्यावरच भागवावं. परतताना खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधवलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ आहे. संध्याकाळी त्या काठावर बसून राहण्यापलीकडे तिथे काही करायचं नाही. सहलीत अशीही एक जागा लागते.

याच रस्त्याला शेमडी गावाजवळून चावणीकडे फाटा जातो. तिथे आंबा नदीच्या काठी उंबरखिंडीचं स्मारक आहे. लोणावळ्याकडून कुरवंड्याचा घाट उतरून कोकणात शिरू पाहणाऱ्या मोगली फौजेला शिवाजी महाराजांनी १६६१च्या फेब्रुवारीत इथे गाठलं. शाइस्तेखानाने पाठवलेल्या या फौजेचा सरदार कारतलबखान उझबेग होता आणि त्याच्या सोबत माहूरची रायबागन होती. ही बाई पतीच्या मागे त्याची जहागीर सांभाळणारी आणि स्वतः लढणारी. अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी गच्च झाडी, अवजड सामान, तहानेने सुकलेले घसे. मोठी फौज असून तिला हलता येईना. शरण जा, हा सल्ला रायबागनने दिला आणि खानाने तो ऐकला. महाराजांनी सामानसुमान, शस्त्रं, खंडणी घेतली आणि माणसं जिवंत सोडली. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचं वर्णन आहे. शाळेच्या पुस्तकांतल्या लढाया धर्माच्या दोन रंगांत रंगवायची आपल्याला सवय झाली आहे. इथे उझबेग सरदार, माहूरची देशमुखीण आणि सह्याद्रीचं रान, तिघांना एकत्र ठेवून पाहावं लागतं. मुलांना त्या खिंडीत उभं करा आणि विचारा, तुम्ही कुठे लपला असतात? दहा मिनिटांत त्यांना गनिमी कावा समजतो.

इथवर मी ज्या जागा सांगितल्या, त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सकाळी पाहण्यासारख्या. पावसाळ्याचं वेगळं बोलावं लागेल. हिरव्या डोंगरांची, धबधब्यांची चित्रं पाहून लोक लोटतात. २०२४च्या जूनअखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत चार मुलं होती. उद्यानातल्या पाण्याला बटण असतं, माणूस नेमलेला असतो. डोंगरातल्या पाण्याला तसं कोणी नसतं. वर माथ्यावर पाऊस कोसळत असेल आणि खाली तुमच्या डोक्यावर ऊन असेल, तरी लोंढा येतो. तो यायला काही क्षण पुरतात. तेव्हा घोट्याच्या वर पाणी चढेल अशा कुठल्याही प्रवाहात मुलांना उतरवू नका. आणि लहान मूल कडेवर घेऊन धबधब्याखाली फोटो काढण्याचा हट्ट तर कोणीच करू नये.

याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी होती. ठाकरांची वाडी. गडावर जाणारी तरुण मंडळी तिथे थांबायची, पाणी प्यायची, पिठलं-भाकरी खायची. १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगराचा कडा वाडीवर आला. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसं कायमची बेपत्ता राहिली. वर पायऱ्यापायऱ्यांचे कडे मोजायला सांगितले, ते हेच कडे. भर पावसात त्यांच्या खाली जाणं टाळा आणि त्या जागी पाहायला म्हणून तर जाऊच नका. पण मे महिन्यात त्या रस्त्यांवर ठाकर-कातकरी बाया करवंदं, जांभळं, काकड्या पानांच्या द्रोणांत घेऊन बसलेल्या दिसतील. त्यांच्याकडून विकत घ्या, घासाघीस न करता. उद्यानात पाण्याच्या बाटलीला आपण जे देतो, तिथे कुठे घासाघीस करतो?

मुंबईकडच्यांना परतताना पनवेलच्या अलीकडे कर्नाळा लागतो. रस्ता थोडा वाकडा करावा लागतो, पण पेणमार्गे गेलं तर तो वाटेवरच आहे. १९६८ साली इथे पक्षी अभयारण्य झालं. अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला वर आहे, तो चढण्याचा आग्रह धरू नये. खालच्या सपाट वाटेवरही सकाळी भृंगराज आणि शीळ घालणारा कस्तूर भेटतात. जवळच शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव.

आणि त्याच महामार्गावर तारा नावाचं गाव आहे. तिथे यूसुफ मेहेरअलींच्या नावाचं केंद्र काम करतं. मेहेरअली १९४२ साली मुंबईचे महापौर होते. ‘भारत छोडो’ हे शब्द त्यांचे, असं मानलं जातं. तुरुंगवासाने तब्येत खचून १९५० साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले. आज शाळेतल्या मुलांना हे नाव विचारा, दहांतल्या नवांना माहीत नसतं. केंद्रात घाण्याचं तेल निघतं, साबण होतो, मातीची भांडी घडतात. चाकावर चिखलाचा गोळा वर चढताना पाहिला की मुलं मोबाइल विसरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि तिथून आणलेला साबण आमच्या घरी तीन महिने पुरला.

पेणमार्गे जायचं ठरवलंत, तर पेणला गाडी थांबवा. गणपतीच्या मूर्तींचे कारखाने तिथे आणि जवळच्या हमरापूर भागात बारमाही चालतात. आपल्याला वाटतं गणपती भाद्रपदात येतो. पेणमध्ये तो दिवाळीनंतर घडायला लागतो. एका खोलीत नुसते पांढरे देह, दुसरीत पितांबर रंगवलेले, तिसरीत डोळ्यांवाचून बसलेले. डोळे रंगवण्याला तिथे आखणी म्हणतात आणि ते काम सगळ्यांना देत नाहीत. आखणी करणारा हात श्वास धरून चालतो, एका मूर्तीवर चार-पाच मिनिटं आणि त्या वेळात त्याच्याशी कोणी बोलत नाही. बहुतेक कारखानदार पाहू देतात, विचारून आत जावं. शाडूची मूर्ती ओली असेल तर हात लावू नये आणि शेंडेफळाला उचलून घ्यावं, म्हणजे त्याला फळीवरच्या वरच्या रांगेतले गणपतीही दिसतात.